भास्कराचार्यांची आकृष्टिशक्ती आणि पोर्ट लुईचा लंबक

मनुष्याच्या ज्ञानाचा इतिहास पाहू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. लक्षावधी मैलांवरील सूर्यचंद्रांच्या ग्रहणांचे गणित त्याने फार प्राचीन काळी साधले. परंतु हातातून सुटलेला दगड जमिनीवर कसा पडतो, ह्या नित्याच्या घटनेचे गणित करण्यास त्याला इसवी सनाच्या सतराव्या शतकापर्यंत थांबावे लागले. ग्रहण क्वचित घडते, म्हणून ते पाहून मनुष्य चकित होतो. नारळ झाडावरून रोज पडतो, म्हणून त्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. जे सदैव डोळ्यांपुढे आहे त्याविषयी शंका सुचणे हीच बुद्धीची कठीण परीक्षा होय.

हा विषय हिंदू समाजाच्या सभासंमेलनांतून निघाला म्हणजे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी भास्कराचार्यांनी लावला. पश्चिमेने तो आपल्या नावावर केला इतकेच. दुसरा पक्ष हसून म्हणतो, शाळेच्या पुस्तकात न्यूटनचेच नाव आहे, पूर्वजांनी केवळ पुराणे सांगितली. दोन्ही पक्षांत एक साम्य आहे: ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही. वस्तुतः ह्या ज्ञानाचा इतिहास एका मनुष्याच्या एका शोधाचा नाहीच. पडणारी वस्तू का पडते, ती कशी पडते, हे पडणे कोठवर पोचते, आणि ते पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र सारखे आहे काय, असे चार निरनिराळे प्रश्न निरनिराळ्या काळी विचारले गेले. कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले हे नीट पाहिले, म्हणजे वादाला जागा उरत नाही आणि खऱ्या अभिमानाला मात्र पुष्कळ उरते.

पहिला प्रश्न भारतात फार जुना आहे. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत पडण्याचे कारण म्हणून ‘गुरुत्व’ नावाचा गुण सांगितला आहे. फळाला देठाचा आधार आहे तोवर ते पडत नाही. आधाराचा संयोग सुटला की गुरुत्वामुळे ते पडते. धनुष्यापासून सुटलेला बाण अंगी आलेल्या वेगाच्या संस्काराने पुढे जातो आणि तो संस्कार संपल्यावर गुरुत्वामुळे खाली येतो. पुढे प्रशस्तपादांनी एक मार्मिक गोष्ट जोडली. गुरुत्व हे डोळ्यांना दिसत नाही, स्पर्शाने कळत नाही. पडण्याच्या क्रियेवरून त्याचे केवळ अनुमान करता येते. न दिसणाऱ्या कारणाचा शोध दिसणाऱ्या कार्यावरून घ्यावा, ही दृष्टी शास्त्राचा पायाच आहे.

त्या काळी ग्रीस देशातही हाच प्रश्न विचारला जात होता. ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व 384 ते 322) ह्याच्या मते प्रत्येक महाभूताला आपले स्वाभाविक स्थान असते, पृथ्वीतत्त्वाचा दगड विश्वाच्या मध्याकडे जातो, अग्नी वर जातो. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा अधिक वेगाने पडते, आणि हा वेग वजनाच्या प्रमाणात असतो, असेही त्याने सांगितले. पान आणि दगड एकदम सोडून पाहणाऱ्याला हे पटण्यासारखे आहे. अलेक्झांड्रिया येथील फिलोपोनस ह्याने सहाव्या शतकात त्यावर आक्षेप घेतला. पुष्कळ पटींनी जड व हलकी अशी दोन वजने एकाच उंचीवरून टाकली तरी त्यांच्या पडण्याच्या काळात अत्यल्प अंतर दिसते, असे त्याने लिहून ठेवले. परंतु त्याच्या आक्षेपाने ॲरिस्टॉटलचे आसन हलले नाही.

भारतीय ज्योतिषांपुढे ह्या प्रश्नाचे रूप थोडे निराळे होते. पृथ्वी गोल आहे असे एकदा मानले की लागलीच शंका येते: खालच्या बाजूचे लोक पडत कसे नाहीत? इ. स. 499 च्या सुमाराच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात कदंबाच्या फुलाचा दृष्टान्त आहे. त्या फुलाच्या गोळ्यावर सर्व बाजूंनी केसर असतात, तसे पृथ्वीच्या गोलावर सर्व बाजूंनी प्राणी राहतात. इ. स. 628 मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचणारे ब्रह्मगुप्त ह्यांचे मत अल्बेरुनीने इ. स. 1030 च्या सुमारास आपल्या भारतविषयक ग्रंथात नोंदविले आहे. त्याचा आशय असा की, वाहणे हा जसा पाण्याचा स्वभाव, जाळणे हा जसा अग्नीचा, तसा वस्तूंना ओढून धरणे हा पृथ्वीचा स्वभाव होय.

ह्या परंपरेचे शिखर म्हणजे भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ. स. 1114 चा. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. त्याच्या गोलाध्यायात पृथ्वीच्या ठायी ‘आकृष्टिशक्ती’ असल्याचे त्यांनी सांगितले आहे. आकाशातील जड वस्तूला पृथ्वी त्या शक्तीने आपल्याकडे ओढते आणि आपल्याला मात्र ती वस्तू पडल्यासारखी भासते. परंतु चारी बाजूंना आकाश सारखेच असताना स्वतः पृथ्वीने पडावे तरी कोठे, असा त्यांचा सवाल आहे.

ह्या विधानाचे महत्त्व थोडके नव्हे. पडणे हा पडणाऱ्या वस्तूचा खेळ नसून तिला ओढणाऱ्या पृथ्वीचा परिणाम आहे, आणि ‘खाली’ ही विश्वातील एक ठरावीक दिशा नसून पृथ्वीच्या मध्याकडची दिशा आहे, असे येथे स्वच्छ सांगितले आहे. ॲरिस्टॉटलच्या स्वाभाविक स्थानापेक्षा ही कल्पना निश्चितच पुढची होय.

परंतु हाच ग्रंथ आणखी थोडा वाचला पाहिजे. पृथ्वी अवकाशात सतत खाली पडत आहे असे काही बौद्ध पंडितांचे मत होते. भास्कराचार्य त्याचे खंडन करतात: पृथ्वी पडत असती, तर वर सोडलेला बाण तिच्यापर्यंत परत आला नसता. पृथ्वीची गती मंद म्हणून बाण तिला गाठतो असे म्हणाल, तर तेही चालणार नाही; कारण अधिक जड वस्तू अधिक शीघ्र पडते, आणि पृथ्वी तर अतिशय जड आहे. हा युक्तिवाद त्यांच्या स्वतःच्या गद्य भाष्यात आहे. म्हणजे पडण्याचे कारण ज्यांनी इतके अचूक हेरले, त्यांनीही पडण्याच्या वेगाबाबत ॲरिस्टॉटलप्रमाणेच समजूत बाळगली होती. वस्तू एका क्षणात किती पडते, दुसऱ्या क्षणात किती, ह्याचा नियम सिद्धान्तशिरोमणीत नाही. चंद्राला बांधून ठेवणारी शक्ती आणि फळाला पाडणारी शक्ती एकच आहे, असेही तेथे म्हटलेले नाही; ग्रहनक्षत्रांना फिरविण्याचे काम ह्या परंपरेत प्रवह वायूकडे होते.

हे सांगितल्याने भास्कराचार्यांचे मोठेपण कमी होते असे समजणे चूक आहे. पहिल्या प्रश्नाचे आपल्या काळातील अत्यंत समर्थ उत्तर त्यांनी दिले. दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांचा गौरव नव्हे.

दुसरा प्रश्न युरोपात विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांनी तर्कावर न थांबता प्रयोग केले. इ. स. 1586 मध्ये सिमॉन स्टेव्हिन ह्याने आपल्या एका मित्रासह एकापेक्षा दुसरा दहापट जड असे शिशाचे दोन गोळे तीस फूट उंचीवरून फळीवर टाकले. दोहोंचा आवाज एकच झाला. इटलीतील गॅलिलिओ (1564 ते 1642) ह्याने पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. ती त्याचा शिष्य विव्हियानी ह्याने लिहिलेल्या चरित्रातील आहे. गॅलिलिओच्या स्वतःच्या ग्रंथांत त्या प्रसंगाचे वर्णन नाही. त्याचे खरे कार्य मनोऱ्यावर नव्हे, तर एका उतरत्या लाकडी पन्हळीवर झाले. सरळ पडणारा गोळा फार वेगाने जातो, म्हणून त्याने तो उतारावरून घरंगळत सोडला व त्याची गती मंद करून घेतली. त्या काळी सेकंद दाखविणारे भरवशाचे घड्याळ नव्हते. तेव्हा मोठ्या भांड्याच्या बारीक तोटीतून पडणारे पाणी पेल्यात धरावयाचे आणि ते तराजूत तोलून काळ मोजावयाचा, अशी युक्ती त्याने केली. काळही त्याने तागडीत घातला, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्या प्रयोगांतून निघालेला नियम त्याने इ. स. 1638 मध्ये लायडेन येथे छापलेल्या ग्रंथात मांडला. पहिल्या क्षणात वस्तू एक भाग अंतर गेली, तर दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात भाग जाते. आजच्या मापाने बोलावयाचे तर, हवेचा अडथळा सोडून दिल्यास, पडणारी वस्तू एका सेकंदात सुमारे 4.9 मीटर, दोन सेकंदांत 19.6 मीटर आणि तीन सेकंदांत 44.1 मीटर खाली येते. मग ती शेरभर असो की मणभर. जडलघुत्वाचा जुना भ्रम त्याने एका साध्या तर्कानेही उडविला. जड दगड शीघ्र व हलका दगड मंद पडतो असे धरा आणि दोन्ही दगड एकत्र बांधा. हलका दगड जड दगडाला मागे ओढील, म्हणून जोडगोळी मंद पडावी. परंतु जोडगोळीचे वजन तर अधिक, म्हणून ती शीघ्र पडावी. एकाच गृहीतातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघत असतील, तर ते गृहीतच टाकले पाहिजे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आयझॅक न्यूटन ह्याने इ. स. 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात दिले. सफरचंद पडलेले पाहून विचार सुचल्याची गोष्ट त्याने वृद्धपणी, इ. स. 1726 मध्ये, विल्यम स्टक्ली ह्यास सांगितली होती. तथापि सफरचंद पडते हे नवे नव्हते. तेच पडणे चंद्रापर्यंत पोचते काय, हा प्रश्न नवा होता. पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र सुमारे साठ त्रिज्या दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात आकर्षण घटत असेल, तर तेथे ते साठ गुणिले साठ, म्हणजे 3600 पटींनी क्षीण असावे. सफरचंद एका सेकंदात जेवढे पडते तेवढे पडण्यास चंद्राला मग एक मिनिट लागावे. चंद्र सरळ रेषेत न जाता पृथ्वीकडे किती वळतो हे त्याच्या मासिक गतीवरून काढता येते, आणि तो हिशेब जुळला. चंद्रही पडतच असतो. परंतु त्याच्या पुढे जाण्याच्या गतीमुळे तो पृथ्वीवर न येता तिच्याभोवती फिरत राहतो. शिवाय ओढणे एकतर्फी नाही. पृथ्वी फळाला ओढते तितक्याच बळाने फळ पृथ्वीला ओढते.

आता चौथा प्रश्न, आणि त्याच्याशी मॉरिशस बेटाचा प्रत्यक्ष संबंध आहे. इ. स. 1672 मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेतील विषुववृत्तानजीकच्या कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. ते ठीक चालविण्यासाठी लंबक तीन मिलिमीटरांहून किंचित कमी इतका आखूड करावा लागला. न्यूटनने ह्याचा अर्थ लावला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे. तेथील मनुष्य तिच्या मध्यापासून अधिक दूर असतो, आणि फिरण्याच्या वेगानेही त्याचे वजन थोडे घटते. म्हणजे वजन ही वस्तूची स्वतःची अचल संपत्ती नाही. ते स्थळाप्रमाणे बदलते.

पृथ्वीचा दक्षिण अर्धा भाग उत्तरेसारखाच आहे काय, ही शंका पुढे निघाली. लाकाय ह्या फ्रेंच ज्योतिष्याने इ. स. 1752 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केप येथे जमिनीची मोजणी केली, आणि तीवरून दक्षिणेकडील पृथ्वीचा आकार काही निराळाच असावा असे दिसू लागले. पुढील वर्षी तो मॉरिशसला आला व ह्या बेटाचीही त्याने मोजणी केली. त्याच्या केपच्या मोजणीत जवळच्या डोंगरांच्या आकर्षणाने ओळंबा किंचित कलला होता हे पुष्कळ काळाने उघडकीस आले. तोपर्यंत शंका कायम होती. तिचा निकाल लावण्यास लंबकासारखे साधन नव्हते. लुई द फ्रेसिने ह्याच्या ‘युरानी’ जहाजाने इ. स. 1817 मध्ये फ्रान्स सोडले, तेव्हा दक्षिण गोलार्धात लंबकाचे निरीक्षण करणे हा त्याच्या प्रवासाचा एक प्रमुख हेतू होता. इ. स. 1818 मध्ये पोर्ट लुई येथे त्याने आपले लंबक मांडले. सहा वर्षांनी, इ. स. 1824 मध्ये, द्युपरे ह्याच्या ‘कोकीय’ जहाजावरील मंडळींनी येथे पुनश्च निरीक्षण केले. दक्षिणेची पृथ्वी उत्तरेपेक्षा निराळ्या घाटाची नाही, असाच अशा निरीक्षणांचा एकंदर कौल पडला.

त्यानंतर दहा वर्षांनी, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘ॲटलास’ जहाज त्याच बंदरात करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन आले. पुढील काळात मुंबई बंदरातून आलेल्या जहाजांनी कोकणातील व देशावरील मराठी कुटुंबेही येथे आणली. ज्या बंदरात पृथ्वीच्या आकर्षणाचे माप घेतले गेले, तेथेच ही माणसे उतरली. आणि त्यांचे पुढचे सारे आयुष्य वजनावर चालले. तांदूळ व डाळ मजुरीचा भाग म्हणून मापून मिळे, आणि उसाची किंमत वजनावर ठरे.

येथे वजनाचे दोन अर्थ नीट ओळखले पाहिजेत. लंडनमध्ये स्प्रिंगच्या काट्यावर बरोबर 100 किलोग्रॅम भरलेले साखरेचे पोते त्याच काट्यावर पोर्ट लुईला सुमारे अडीचशे ग्रॅम कमी भरेल. साखर कोणी काढलेली नसते. पृथ्वीची ओढ येथे तितकी कमी आहे. परंतु तेच पोते दोन पारड्यांच्या तागडीत घातले, तर लंडनला जेवढी वजने लागतील तेवढीच येथेही लागतील. कारण पोते आणि लोखंडी वजने ह्या दोहोंवरील ओढ एकाच प्रमाणात बदलते. स्प्रिंगचा काटा पृथ्वीची ओढ सांगतो. तागडी वस्तूतील द्रव्य सांगते. आजोबा-पणजोबांच्या साध्या तागडीला अक्षांशाची बाधा होत नव्हती. तिच्यात खोट आली असेल तर ती पृथ्वीने घातलेली नव्हे, तोलणाऱ्या हाताने घातलेली.

पोर्ट लुईचा लंबक आणि भास्कराचार्य ह्यांच्यामध्ये भूगोलाने आणखी एक नाते जोडले आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे त्यात नमूद आहे. तो इ. स. 1207 च्या सुमाराचा असून त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे; एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी ह्यांनी तो उजेडात आणला. हे पाटण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहे, आणि पोर्ट लुई दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर. त्यामुळे जागेची उंची व भूगर्भातील खडक ह्यांनी पडणारा अल्प फरक सोडल्यास दोन्ही ठिकाणी पृथ्वीची ओढ जवळजवळ सारखीच आहे. चांगदेवांच्या मठात जो दगड पडला असता, तो येथेही जवळपास त्याच काळात तितकाच पडेल.

विसाव्या व एकविसाव्या शतकांतही ही परीक्षा थांबली नाही. 2 ऑगस्ट 1971 रोजी डेव्हिड स्कॉट ह्या अंतराळवीराने चंद्रावर एक हातोडा आणि ससाण्याचे पीस एकदम सोडले. तेथे हवा नसल्याने दोन्ही एकाच वेळी पडले. इ. स. 2016 मध्ये ‘मायक्रोस्कोप’ नावाचा फ्रेंच उपग्रह प्लॅटिनम व टायटॅनियम ह्या धातूंचे दोन तुकडे सारखेच पडतात काय हे पाहण्यासाठी सोडण्यात आला. इ. स. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अंतिम निष्कर्षात, एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत एका भागाच्या सूक्ष्मतेपर्यंतसुद्धा फरक आढळला नाही. गॅलिलिओचे म्हणणे चारशे वर्षे जुने आहे, म्हणून कोणी त्याला परीक्षेतून सूट दिली नाही.

मराठी विद्वानांची रीतही हीच होती. गोलाध्यायाचे विल्किन्सनकृत इंग्रजी भाषांतर पुण्यात जन्मलेले पंडित बापूदेव शास्त्री ह्यांनी तपासले आणि ते इ. स. 1861 मध्ये प्रसिद्ध झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड गावी जन्मलेले शिक्षक शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी इ. स. 1896 मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. ज्या कोकणातून मॉरिशसची अनेक मराठी घराणी निघाली, त्याच कोकणातील ह्या शिक्षकाने पूर्वजांचा गौरव त्यांचे ग्रंथ वाचून, गणित करून आणि पारखून केला.

मराठी भाषेने तर हा सारा इतिहास एका शब्दात साठविला आहे. ‘गुरुत्वाकर्षण’ ह्या शब्दातील गुरुत्व वैशेषिकांचे, आकर्षण भास्कराचार्यांच्या आकृष्टीचे, आणि आज त्या शब्दाने दाखविला जाणारा गणिती नियम न्यूटनचा. तिघांपैकी कोणाचेही देणे नाकारून हा शब्द उच्चारता येत नाही.

बैठकांतून मराठी शिकणाऱ्या मुलांना हा इतिहास केवळ ऐकवून भागणार नाही. दाभणाच्या दोऱ्याला लहानसा जड दगड बांधावा. टांगलेल्या बिंदूपासून दगडाच्या मध्यापर्यंत सुमारे 99 सेंटिमीटर लांबी ठेवावी, आणि हलकासा झोका देऊन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारे हेलकावे मोजावेत. पोर्ट लुईत, वाक्वात किंवा कोणत्याही गावी ते मिनिटाला साठ भरतील. दगड बदलून अधिक जड बांधला तरी ते साठच भरतील. भास्कराचार्यांच्या मोठेपणाविषयी पुढे कोणी वाद घातला, तर ज्या मुलाने हे स्वतः मोजले आहे, त्याला काय बोलावे हे सांगावे लागणार नाही.